पुणे ते नाशिक: विमानाने अर्धा तास, मग रेल्वे जुन्नरमध्ये का अडली?

'पुणे-नाशिक अंतर किती?' नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण 165 किलोमीटर. रस्त्याने सुमारे 210. आणि ही रेघ जाते ती आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांवरून. सध्याचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

विमानाने किती वेळ?
एवढं अंतर कापायला विमानाला हवेत जेमतेम अर्धा तास पुरतो. पण लोहगावला तासभर आधी पोहोचायचं आणि उतरल्यावर ओझरहून 20 किलोमीटर नाशिक गाठायचं. (हे ओझर नाशिकजवळचं, जुन्नरच्या विघ्नहराचं नव्हे!) घर ते घर हिशोब केला तर तीन तास सहज जातात. गाडीने साडेचार-पाच तास, चाकणला अडकलात तर जास्त.

रेल्वेने किती?
थेट मार्गच नाही. कल्याण किंवा दौंड-मनमाड असा वळसा पडतो. म्हणून 'महारेल'ने सेमी हायस्पीड मार्ग आखला: 235 किलोमीटर, ताशी 200 किलोमीटर वेग, पावणेदोन तासांत नाशिक. वाटेत चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर हा पट्टा.

मग अडलं कुठे?
जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. इथे जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांच्या गोंगाटात त्या बुडून जातात. ही जागा निवडली गेली, त्यामागे इथली रेडिओ शांतता हेही एक मोठं कारण होतं. म्हणून आक्षेप आला आणि रेल्वे मंत्रालयाने हा मार्ग नाकारून पुणे-अहिल्यानगर-शिर्डी-नाशिक असा पर्याय पुढे आणला.

वळशाने किती फरक पडेल?
शिर्डीमार्गे रस्त्याचं अंतर साधारण 290 किलोमीटर भरतं. रेल्वेचंही तेवढंच धरलं, तर जादा 55 किलोमीटरला ताशी 200 च्या वेगाने 16-17 मिनिटं लागतील. म्हणजे तेवढा वेग खरोखर मिळाला, तर पुणेकर-नाशिककरांचं फार बिघडत नाही. शिर्डीला जाणाऱ्यांची तर सोयच होईल. पण जुन्या, गर्दीच्या रुळांवरून गाडी नेली तर हा हिशोब कोलमडतो.

खरं नुकसान कुणाचं?
मधल्या गावांचं. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षं, मंचरच्या बाजारातला कांदा आजही ट्रकनेच जातो. नाशिकला पोहोचायला 17 मिनिटं जास्त लागली तरी चालेल, पण स्टेशनच गेलं तर ती भरपाई कशाने करणार? सिन्नर तालुक्यात तर जुन्या मार्गासाठी जमिनींची खरेदीही झाली होती. म्हणूनच शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांच्यासह स्थानिक लोकप्रतिनिधी जुन्या पट्ट्यातूनच मार्ग न्यावा, यासाठी आग्रही आहेत.

दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे खरं. पण 'दुर्बीण की रेल्वे' एवढाच प्रश्न नाही. अँटेनांपासून किती दूर गेलं की गाडीचा त्रास होत नाही, बोगदा किंवा आडोसा करून तो किती कमी होतो आणि त्याला खर्च किती, हे आकडे जुन्नर-आंबेगावकरांसमोर स्पष्टपणे मांडायला हवेत. ते पाहिल्यावरच वळसा अटळ आहे की सोयीचा, हे ठरवता येईल.