चेंडू इटालियनांना द्या!

'किकिंग अँड स्क्रीमिंग' हा २००५ सालचा अमेरिकी विनोदी चित्रपट फार चांगला आहे, असे मी म्हणणार नाही. त्यातला नायक विल फेरेल लॉस एंजेलिसच्या 'ग्राउंडलिंग्स' या मंडळीत तयार झाला. तिथे संहिता हातात नसताना उभ्या उभ्या प्रसंग रचायची तालीम असते. इथेही त्याचा थाट तोच. एक वाक्य सुचले की ते पार पिळून काढायचे. कधी हसून पोट दुखते, कधी घड्याळाकडे लक्ष जाते. कॉफीच्या व्यसनाचा विनोद तर अर्धा कापला असता तरी चालला असता. तरीही आमच्या पालकांनी, आणि हो, सरांनीही तो एकदा पाहावा.

फिलचे वडील बक हे मुलांच्या फुटबॉल संघाचे कोच. त्यांनी लहानपणी फिलला बाकावर बसवून ठेवले. आता नातू सॅमलाही तेच, आणि शेवटी त्याला चक्क तळाच्या 'टायगर्स' संघात देऊन टाकतात. त्या संघाला कोच नसतो म्हणून फिल उभा राहतो. मदतीला माईक डिटका. 'शिकागो बेअर्स'ला सुपर बोल जिंकून देणारा हा खराखुरा कोच इथे स्वतःच्याच भूमिकेत आहे. फक्त त्याचा फुटबॉल अमेरिकन, म्हणजे वेगळाच खेळ! मग खाटकाच्या दुकानात काम करणारी दोन इटालियन मुले सापडतात आणि डावपेच ठरतो: चेंडू इटालियनांना द्या. टायगर्स जिंकू लागतात. बाकीची पोरे नुसती पास देतात. सामन्यागणिक फिलचा आवाज चढतो आणि एक दिवस तो स्वतःच्याच मुलाला बाकावर बसवतो. इथे हसू थांबते. ज्या बापाचा त्याला राग होता, तोच बाप त्याच्या तोंडून बोलत असतो.

आमचे पालक शेकडो मैल दूर, त्यामुळे आमच्याकडे हे नाही, असे कुणाला वाटेल. पण रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न काय असतो? "किती गोल मारलेस?" फुलबॅकने काय सांगावे? आणि पालक येतात त्या दिवशी दोरीमागून ओरडा सुरू होतो: "पास कशाला देतोस, मार!" मराठीत, हिंदीत, तेलुगूत, पंजाबीत. कॅप्टन पास मागतोय, वडील शॉट मागतायत. बारा वर्षांच्या मुलाने हुकूम कुणाचा मानायचा? परेड ग्राउंडवर दोन कमांडर चालत नाहीत, मग इथे कसे चालतात?

सरांबद्दलही थोडे. प्रत्येक हाऊसमध्ये दोन-तीन 'इटालियन' असतातच. चषक हवा, म्हणून ज्युनियर गटातही तीच अकरा मुले सगळे सामने खेळतात आणि उरलेले वर्षभर टाळ्या वाजवतात. यातली काही मुले पुढे मैदानावर यायचेच सोडतात.

चित्रपट नेमका इथे कच खातो. शेवटच्या सामन्यात फिलला शहाणपण सुचते आणि टायगर्स जिंकतातही. हरले असते तर? बापाचे शहाणपण टिकले असते का? हा प्रश्न दिग्दर्शकाने टाळला. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आंतर-हाऊस स्पर्धेत एक हाऊस जिंकते आणि बाकी सगळी हरतात.

अमेरिकेतच १९६४ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन'चा नियम आहे की संघातल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. आपल्या ज्युनियर स्पर्धेत तो नियम आणावा. सिनियर गटात खुशाल उत्तम अकरा उतरवा, तिथे माझी तक्रार नाही. आणि पालक येतील त्या दिवशी त्यांच्या खुर्च्या समोरच्या बाजूला, झाडाखाली मांडाव्यात. तिथून सामना छान दिसतो आणि टाळ्या ऐकू येतात. सूचना मात्र येत नाहीत.