सतनामनंतर उरलेला प्रश्न

2015 मध्ये पंजाबातील बल्लो के गावचा सात फुटी सतनामसिंग भामरा एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय; क्रमांक 52. मात्र डॅलस मॅव्हरिक्सकडून एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टेक्सास लीजंड्स हा दुय्यम संघ, मायदेशातील यूबीए, कॅनडातील सेंट जॉन्स एज अशी भटकंती झाली. पुढे उत्तेजकप्रकरणी दोन वर्षांची बंदी आली आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

बंदीची जबाबदारी त्याची. अस्थैर्य मात्र व्यवस्थेचे. परदेशी करार बहुधा हंगामापुरता असतो. तो संपल्यावर परतावे, अशी टिकाऊ लीग देशात नव्हती. ‘पुणे पेशवाज’ जिच्यात खेळत, ती यूबीए 2017 नंतर थांबलीच. साहजिकच रेल्वे वा ओएनजीसीतील नोकरी हाच खेळाडूंचा भरवसा ठरला.

बुऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या मजुरीवर चालणाऱ्या मराठी घराने उंच मुलाला या खेळात घालावे काय, हा प्रश्न म्हणूनच भावनेचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. 2022 मध्ये आयएनबीएल सुरू झाली. सामान्य खेळाडूला दहा वर्षे नियमित वेतन मिळते का, हीच तिची कसोटी ठरेल.