फवारा कपाशीवर की माणसावर?

शेतकरी बंधूंनो, यवतमाळचं २०१७ साल विसरू नका. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी कुठंकुठं माणसाच्या उंचीला गेलेली; मग नळी तोंडासमोर धरावी लागली. पॉवर पंपाचे बारीक तुषार वाऱ्यानं उलटून नाकातोंडात गेले. शिवाय दोन-तीन औषधं एकाच बादलीत कालवायची आपली खोड आहेच!

दोष मजुरावर ढकलणं सोपं. पण रोजानं दुसऱ्याच्या रानात पंप पाठीवर घेणाऱ्याला हातमोजे, तोंडपट्टी, चष्मा द्यायचा कुणी? मालकानंच. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे अति जहाल विष, हे त्याला आधी सांगा. घामानं भिजलेल्या सदऱ्यातून औषध अंगात मुरतं, म्हणून भर उन्हात पंप नको.

मळमळ, अंधारी आली तर डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा, कारण सगळ्या विषांना एकच उतारा नसतो. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या औषधांवर अ‍ॅट्रोपीन लागतं. सरपंच मंडळी, ते आपल्या आरोग्य केंद्रात शिल्लक आहे का, पोळ्याआधी एक चक्कर मारून विचारा बरं.