पोपटी साठवता येत नाही

‘पोपटी’ हा शब्द उच्चारला की बहुतेक मराठी वाचकांच्या मनात एक रंग उभा राहतो. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यातल्या माणसाला मात्र शेतात उलटे ठेवलेले मडके आठवते. प्रमाण मराठीला या शब्दातला रंग ठाऊक आहे, मडके ठाऊक नाही. ही तफावत वरवर किरकोळ वाटते, पण भाषेचे आणि साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी तिच्याकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. कारण हे मडके ज्या जमिनीवर उलटे ठेवले जाते ती जमीनच आता आटत चालली आहे.

ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिची रीत थोडक्यात सांगतो. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या ओल्या शेंगा, सोबत बटाटे, रताळी, अंडी. ऐपत आणि आवड असेल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. मडके भरले की तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा आणि ते जमिनीवर पालथे घालायचे. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या, पालापाचोळा रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा टिपूस नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते आणि भांबुर्ड्याचा उग्र, कापरासारखा वास शेंगांत उतरतो. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. ते चर्रकन उडाले की पोपटी झाली.

आता या साहित्याची यादी वेगळ्या नजरेने वाचून पाहावी. वाल हे भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारे पीक. भांबुर्डा हे कापलेल्या शेतांत आणि बांधांवर हिवाळ्यात आपोआप उगवणारे तण. पेंढा मळणीनंतर उरलेला, गोवऱ्या गोठ्यातल्या. म्हणजे पोपटीतले जवळजवळ सर्व काही भातशेतीचे उरलेसुरले आहे. खरिपाचा हिशेब मिटल्यावर शेताने वर घातलेली ती चिमूट आहे. म्हणून तिला पौष-माघाचीच वेळ साधते. कोकणातली थंडी ती काय, बेताचीच. पण शेकोटीला निमित्त पुरेल एवढी असते, आणि काम संपल्याची मोकळीक त्याहून मोठी असते.

जगात अन्यत्र धूर आणि हिवाळा यांचे नाते अगदी निराळे आहे. थंड प्रदेशांत मांस आणि मासे धुरावण्याची कला मुख्यतः साठवणुकीसाठी वाढली. पुढच्या हिमाच्या महिन्यांत पोटाला आधार हवा म्हणून आधी धूर द्यायचा. त्या परंपरेची आजची खूण म्हणजे अमेरिकेतल्या घरांच्या परसात दिसणारी ‘स्मोकर’ नावाची लोखंडी पेटी. बर्फ पडू लागला की ती झाकून ठेवावी, की उष्णतारोधक पांघरूण घालून, जास्तीचे इंधन जाळून वापरत राहावी, हा तिथला दर हिवाळ्याचा प्रश्न असतो. आपल्या किनाऱ्यावर साठवणुकीचा ऋतू हिवाळा नव्हेच. ती पावसाळ्यापूर्वीची आगोट. सुके बोंबील, सुकट, जवळा उन्हात वाळवून भरून ठेवण्याचे दिवस. हिवाळ्यातला पोपटीचा जाळ कशाचीही बेगमी करीत नाही. पोपटी त्याच रात्री, गरम असतानाच संपवायची असते. मडके पुढच्या वर्षापर्यंत टिकले तर टिकले. साठवणुकीच्या विस्तवाला उद्याची काळजी असते. पोपटीच्या विस्तवाला आज कोण कोण आले आहे एवढेच पाहायचे असते.

पळस्प्याचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते फाट्यामुळे. मुंबई-पुण्याचा जुना महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग इथे एकमेकांपासून सुटतात. यांतल्या पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाचा आजचा क्रमांक ४८. हाच क्रमांक धरून उत्तरेला गेले की वलसाडच्या आसपास रस्त्याकडेला हिवाळ्यात पालथी मडकी दिसतात. तिथे त्याला उबाडियू म्हणतात आणि प्रवासी गाड्या थांबवून ते विकत घेतात. पोपटीची ही सख्खी बहीण बाजारात गेली आणि जगली. आपल्याकडेही आता कृषिपर्यटन केंद्रे आणि शेतघरे ‘पोपटी पार्टी’ची जाहिरात करतात. देशावरचा हुरडा या वाटेने आधीच गेला आहे. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. शेंगा विकून किंवा मडकी लावून एखाद्या घराला चार पैसे मिळत असतील तर त्यांना संस्कृतिरक्षणाचे प्रवचन देण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकाला नाही.

माझा आक्षेप विक्रीला नाही, विक्रीनंतर येणाऱ्या समाधानाला आहे. थाळीत पोपटी मिळते, म्हणजे पोपटी टिकली, असे आपण मानू लागतो. प्रत्यक्षात टिकते ती पाककृती. सिडकोची स्थापना १९७० ची. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला, म्हणजे वालाच्या शेंगा भरण्याच्याच दिवसांत, उरण तालुक्यात भूसंपादनाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि ५ जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. २०१३ मध्ये ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या प्रत्येक टप्प्यावर जमिनीचा मोबदला मोजला गेला, कमी-जास्त दिलाही गेला. बांधावरच्या भांबुर्ड्याचा मोबदला कोणत्याही तक्त्यात बसत नाही, कारण तो कोणी पेरलेलाच नव्हता. विकत आणलेल्या शेंगा, विकत आणलेला पाला आणि इमारतीच्या गच्चीवरचा जाळ एवढ्यावर पोपटी होईल, रुचकरही होईल. मात्र ती कोणत्या कामाच्या शेवटी आली हे तिला सांगता येणार नाही.

इथे आपल्या विषयाचा संबंध येतो. ग्रामीण साहित्य म्हणून आपण वर्गात जे शिकवतो त्याचा मोठा भाग देशावरचा आहे. माणदेश, सातारा, कोल्हापूर यांचे शिवार विद्यार्थ्याला पुस्तकातून परिचित होते. खोपोलीत राहून लिहिणारे र. वा. दिघे यांच्यासारखे लेखक या बाजूला झाले, पण त्यांना अभ्यासक्रमात क्वचितच जागा मिळते. लोकसाहित्याच्या तासाला ओवी, उखाणा, विधिनाट्य, दैवतकथा यांचे वर्गीकरण होते. पोपटीला देव नाही, व्रत नाही, ठरावीक गाणे नाही. त्यामुळे ती कोणत्याच कप्प्यात पडत नाही. आगरी, कराडी घरांतून आलेला विद्यार्थी भांबुर्डा ओळखतो, वाल केव्हा पेरायचा हे ऐकून असतो, आणि परीक्षेत मात्र हुरड्यावर निबंध लिहितो. त्याच्याजवळच्या ज्ञानाला ‘साहित्य’ या शब्दात शिरायला आपण दारच ठेवलेले नाही.

पोपटीचा महोत्सव भरवावा, अशी मागणी मी करणार नाही. माझे म्हणणे आपल्या आवाक्यातले आहे. पनवेल-उरणच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवावे. शेताच्या तुकड्यांची नावे, वालाच्या जाती, पाल्याचे गावोगावचे उच्चार, मडके कोण लावी, शेंगा कोण खुडी, पहिला वाटा कोणाला जाई, हे त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखनाच्या धाकाविना लिहून आणायला सांगावे. त्यातून भांडणेही बाहेर येतील. कोणाच्या बांधावर कोणाला बसू दिले जात नसे हेही कळेल. ते गाळू नये. गोड आठवणींचा संग्रह हा पुन्हा एक पर्यटनाचाच प्रकार होईल.

चव साठवता येत नाही हे पोपटीनेच आपल्याला शिकवले आहे. शब्द मात्र साठवता येतात, आणि तो आपला व्यवसाय आहे. ज्यांनी भात कापून त्याच शेतात वाल टाकला ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षावर ढकलण्याइतका वेळ आपल्या हाताशी नाही.