टेकवा, पण तेच कार्ड

लंडनमध्ये कामाला गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी आम्ही हे लिहीत आहोत. तिथे लोकलला बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून जाता येते. पण जाताना कार्ड आणि उतरताना मोबाईल टेकवला, तर खाते एकच असूनही यंत्राला ते दोन प्रवासी वाटतात. मग दोन्हींवर जबर भाडे कापले जाते. कष्टाचा पैसा असा का घालवावा?

सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० व दुपारी ४ ते ७ भाडे चढे असते, सार्वजनिक सुट्टीला नसते. पहाटपाळीवाल्यांनी ६.२९ ला टेकवले तरी स्वस्त! संध्याकाळी उपनगरातून मध्य लंडनला येणाऱ्यांनाही सवलत आहे. हीथ्रो विमानतळाहून मध्य लंडनला मात्र दिवसभर चढेच भाडे.