नेमबाजाच्या आठवणी आणि भाषेचा प्रश्न

बिकानेरचे महाराज डॉ. करणीसिंह हे मातीच्या तबकड्यांवर नेम साधणारे नेमबाज. रोम (१९६०) ते मॉस्को (१९८०) या काळात ते पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. तेथे पदक लाभले नाही. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत मात्र रौप्यपदक मिळाले. १९८२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आठवणींचे पुस्तक इंग्रजीत आहे. १९५२ ते १९७७ लोकसभेचे सदस्य असताना राजस्थानीच्या मान्यतेचा आग्रह धरणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःचे अनुभव इंग्रजीच्या हवाली करावेत, ही विसंगती होय.

परंतु दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. खेळाडूच्या आठवणींना आपल्या समीक्षेने साहित्याच्या पंगतीत क्वचितच पान मांडले. आत्मचरित्राकडून आपण अंतर्मुखतेची अपेक्षा करतो. तबकडी कोणत्या दिशेने उडेल हे ठाऊक नसता क्षणार्धात निर्णय घेणे, आणि चुकल्यावर पुढचीसाठी पुन्हा सज्ज होणे, यालाही अंतरंग असते, हे मात्र विसरतो.

दिल्लीतील आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीतील मराठी निवृत्तांची स्थिती निराळी नाही. टिपणे इंग्रजीत लिहिण्यात हयात गेली. प्रवास, बदल्या, मतमतांतरे मराठीत सांगितली जातात, पण लिहिली जात नाहीत. विद्यापीठांच्या भारतीय भाषा विभागांनी अशा आठवणी लिहवून घ्याव्यात, आणि करणीसिंहांच्या पुस्तकासारख्या ग्रंथांची भाषांतरे करवावीत. तुघलकाबादच्या नेमबाजी केंद्रास त्यांचे नाव आहे. तेवढ्याने त्यांचा अनुभव आपल्या भाषांत येत नाही.