हवाई युद्धाचा इतिहास म्हणजे धावफलक नव्हे

१/ दरवर्षी सप्टेंबर आणि डिसेंबर आले की इतिहासप्रेमींमध्ये एकच वाद पेटतो: १९६५ आणि १९७१ च्या हवाई युद्धांत कोणी कोणाची किती विमाने पाडली? तक्ते येतात, 'किल रेशो'चे दशांश काढले जातात आणि दोन्ही देशांतील तरुण मंडळी एकमेकांवर तुटून पडतात. या धाग्यात त्या वादात कोणाची बाजू घ्यायची नाही. तो वाद इतिहास म्हणून किती उथळ आहे, एवढेच दाखवायचे आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रतिपादन असे: लढाऊ वैमानिकाचे स्मरण त्याने पाडलेल्या विमानांच्या संख्येवरून करणे हे निकृष्ट इतिहासलेखन होय. कारणे तीन. एक, ती संख्या बहुधा विश्वासार्ह नसते. दोन, थोर शौर्यसुद्धा त्या संख्येत हरवून जाते. आणि तीन, वैमानिकाच्या कृतीने ज्यांची आयुष्ये बदलली, ती माणसे कोणत्याही तक्त्यात बसत नाहीत. तिन्ही कारणे क्रमाने पाहू.

३/ आधी संख्या. १५ सप्टेंबर १९४० हा 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधील निर्णायक दिवस मानला जातो. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा खरा आकडा ६० च्या आसपास निघाला. म्हणजे दावा वस्तुस्थितीच्या तिप्पट होता.

४/ यात कोणी जाणूनबुजून खोटे बोलले असे समजू नये. एकाच विमानावर दोघातिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात आणि प्रत्येकाला ते आपणच पाडले असे मनापासून वाटते. धूर सोडत ढगांत शिरलेले विमान कोसळले असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते रखडत का होईना, आपल्या तळावर पोचलेले असते. काही सेकंदांच्या झटापटीत, जीव मुठीत धरून लढणाऱ्या माणसाकडून हिशेबनिसाची अचूकता मागणे हाच अन्याय आहे. तो अन्याय आपण मात्र रोज करतो.

५/ आता आपल्या उपखंडाकडे वळू. ७ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानातील सरगोधा हा हवाई तळ. त्या दिवशी पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाच भारतीय हंटर विमाने पाडली, असा दावा केला गेला. पाकिस्तानात ती दंतकथाच बनली आहे. भारतीय बाजूला हा आकडा मान्य नाही. गेली सहा दशके या एका मिनिटावर लेखणी आणि कळफलक झिजवले जात आहेत.

६/ त्याच दिवशी, त्याच सरगोध्याच्या परिसरात आणखी एक झुंज झाली होती. तिच्यावर मात्र कित्येक वर्षे कोणीही वाद घातला नाही, कारण ती झाल्याचेच भारतात कोणाला ठाऊक नव्हते. तिचे नायक स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे कोडगूचे सुपुत्र होते. ते एक क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून मिस्तेर विमानावर गेले होते. या मोहिमेत ते राखीव होते. मुख्य तुकडीतील एखादे विमान मागे राहिले, तरच त्यांनी जायचे होते. ते गेले आणि परतले नाहीत.

७/ देवय्या यांच्या मिस्तेरमागे पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर लागले होते. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणारे, तर मिस्तेर मागच्या पिढीतील, कितीतरी संथ विमान. देवय्यांच्या विमानाला मार बसला होता. तरीही ते वळले, भिडले आणि त्यांनी स्टारफायटर पाडले. त्या विमानाचे वैमानिक अमजद हुसेन छत्रीच्या साहाय्याने बाहेर पडून बचावले. देवय्या बचावले नाहीत.

८/ भारताच्या दफ्तरी देवय्या 'बेपत्ता' राहिले. १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने सांगितलेल्या त्या हकिगतीत एका मिस्तेरने स्टारफायटर पाडल्याचा उल्लेख आला. तो मिस्तेर कोणाचा, याचा शोध सुरू झाला आणि उत्तर देवय्या यांच्यापाशी येऊन थांबले. १९८८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

९/ जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. आपल्या एका शूराला आपण ओळखू शकलो, ते शत्रूच्या बाजूने कबुली आली म्हणून. धावफलकाच्या हिशेबात १९६५ ते १९७९ या काळात देवय्या म्हणजे 'एक मिस्तेर, गमावले' एवढीच नोंद होती. फलकाकडे पाहणाऱ्याला त्या नोंदीमागचा माणूस दिसणे शक्यच नव्हते. शत्रूपक्षाच्या आठवणी वाचणे म्हणजे देशनिष्ठेत खोट, असे ज्यांना वाटते त्यांनी या तेवीस वर्षांचे उत्तर द्यावे.

१०/ आता तिसरे कारण. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला बलवंतराय मेहता समिती, १९५७, पंचायत राज हे समीकरण पाठ असते. बलवंतराय मेहता यांचा मृत्यू कसा झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९ सप्टेंबर १९६५ रोजी ते गुजरातचे मुख्यमंत्री होते. मिठापूरहून कच्छकडे निघालेले त्यांचे बीचक्राफ्ट विमान पाकिस्तानच्या सेबर विमानाने पाडले. मेहता, त्यांच्या पत्नी, कर्मचारी, एक पत्रकार आणि विमानाचे दोन चालक असे आठ जण गेले. युद्धविराम अवघ्या चार दिवसांवर आला होता.

११/ बीचक्राफ्टचे वैमानिक होते जहांगीर इंजिनिअर. इंजिनिअर बंधूंचे नाव भारतीय हवाई दलाच्या इतिहासात मोठे आहे. त्यांतील अस्पी इंजिनिअर हवाई दलाचे प्रमुख झाले. समोर होते पाकिस्तानचे फ्लाइंग ऑफिसर कैस हुसेन. हुसेन यांनी पुढे सांगितले, की नागरी विमानाने पंख हलवून दयेची खूण केली होती. त्यांनी विमान नागरी असल्याचे जमिनीवरील नियंत्रकाला कळवले आणि ते आदेशाची वाट पाहत राहिले. आदेश आला: पाडा. त्यांनी पाडले. विमानात कोण होते, हे त्यांना नंतर कळले.

१२/ धावफलकात याची नोंद कशी होईल? 'बीचक्राफ्ट, एक.' संपले. पण हा इतिहास तिथे संपला नाही. २०११ मध्ये, घटनेला सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर, वृद्ध कैस हुसेन यांनी जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्येला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. आपण आदेश पाळला, हेही त्यांनी लपवले नाही. कन्येने उत्तर पाठवले. त्यात सूडाचा लवलेश नव्हता. युद्धाच्या खेळात सारेच प्यादी होते, अशा आशयाची समजूत होती.

१३/ हा पत्रव्यवहार म्हणजे भावनिक तळटीप, असे कोणी म्हणेल. मला तो अव्वल दर्जाचा ऐतिहासिक दस्तऐवज वाटतो. नागरी विमान ओळखूनही ते पाडण्याचा आदेश कसा दिला गेला, आदेश देणारा आणि चाप ओढणारा यांत जबाबदारी कशी वाटली जाते, सीमेवरच्या संशयाने माणसे किती आंधळी होतात, या प्रश्नांवर या प्रकरणाइतका प्रकाश 'किल रेशो'चा कोणताही तक्ता टाकू शकत नाही. आणि ही हकिगत चर्चेत आली, ती एका माणसाला झोप लागेना म्हणून नव्हे, तर दोन माणसांनी ती जगासमोर येऊ दिली म्हणून.

१४/ आता १९७१. या युद्धातील आपल्या आवडत्या गोष्टींपैकी एक म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांची सुटका. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पडले आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी जाऊन पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. या गोष्टीवर पुस्तक आले, चित्रपट आला. ते रास्तच आहे.

१५/ त्याच युद्धात त्याच जातीच्या विमानावर आणखी एक मराठी वैमानिक होता: फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड तळावरील हल्ल्यात त्यांचे सुखोई पडले. ते परतले नाहीत. त्या वेळच्या पाकिस्तानातील एका वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापली. त्यांत तांबे यांच्या नावाशी जुळणारे एक नाव होते. पाकिस्तानने मात्र असा कोणी कैदी आपल्याकडे असल्याचे सातत्याने नाकारले.

१६/ त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. युद्ध सुरू झाले तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे स्पर्धात्मक खेळ मागे पडला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागात नोकरी केली आणि दुसरीकडे मंत्रालयांचे उंबरठे झिजवले. १९७९ मध्ये लोकसभेत सरकारने बेपत्ता सैनिकांची नावे सांगितली. '५४ बेपत्ता' हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला. २००७ मध्ये नातेवाइकांच्या शिष्टमंडळाला पाकिस्तानी तुरुंग दाखवण्यात आले. हाती काही लागले नाही.

१७/ परुळकरांची गोष्ट आपण पुन्हापुन्हा सांगतो, कारण तिला शेवट आहे. तांबे यांच्या गोष्टीला शेवट नाही, म्हणून ती आपल्याला अडचणीची वाटते. ती सांगायची तर विजयाच्या उत्सवात काही टोचरे प्रश्न विचारावे लागतात. सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदी आपल्या ताब्यात असताना आपल्या बेपत्ता माणसांचा छडा लावण्यासाठी पुरेसा आग्रह धरला गेला का? कुटुंबीयांना वेळच्या वेळी सारे सांगितले गेले का? हे प्रश्न विचारल्याने विजयाचे मोल कमी होत नाही. ते विचारणारी पत्नी कोणापेक्षाही कमी देशभक्त ठरत नाही.

१८/ आता आक्षेप. पहिला: 'सैनिकाचे कामच शत्रूची विमाने पाडणे, मग आकडे का मोजू नयेत?' मोजावेत, अवश्य मोजावेत. हवाई दलांना डावपेच सुधारण्यासाठी आणि अभ्यासकांना युद्ध समजून घेण्यासाठी हानीचे आकडे लागतातच. पण आकडा हे साधन आहे. तो दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून घ्यावा लागतो आणि त्यावरून कोणाची तरी खिल्ली उडवणे म्हणजे अभ्यास नव्हे.

१९/ दुसरा आक्षेप: 'विरह, प्रतीक्षा, क्षमा या खासगी गोष्टी, इतिहासात त्यांचे काय काम?' पती बेपत्ता होणे ही खासगी घटना असती, तर त्याची यादी लोकसभेत गेली नसती आणि दोन सरकारांत पत्रव्यवहार झाला नसता. राज्यसंस्था युद्ध पुकारते, तेव्हा त्या युद्धाने मोडलेली घरे हाही त्या राज्यसंस्थेचाच इतिहास असतो. स्वयंपाकघरात बसून तारेची वाट पाहणाऱ्या बाईला त्यातून वगळणे हा निवड करण्याचा प्रकार आहे आणि ती निवड निष्पाप नाही.

२०/ तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस: 'शत्रूच्या वैमानिकाला माणूस म्हणून पाहिले, तर आपल्या वैमानिकाचे शौर्य फिके पडते.' नेमके उलट घडते. देवय्यांच्या शौर्याची उंची कळते, ती अमजद हुसेन यांच्या हातात कोणते यंत्र होते हे कळल्यावर. समोरचा भ्याड आणि अडाणी रंगवला, तर त्याला हरवण्यात पराक्रम तो कसला? आपल्या पोवाड्यांच्या परंपरेतही तोलामोलाच्या शत्रूवाचून नायकाची थोरवी उभी राहत नाही.

२१/ म्हणून मित्रांनो, एक आग्रहाची विनंती. यापुढे एखाद्या लढाऊ वैमानिकावर लिहाल, तेव्हा 'किती पाडली' या प्रश्नाआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. त्याला तिथे कोणी आणि कोणत्या आदेशाने पाठवले? त्याच्या तोफांच्या समोर कोण होते, आणि त्या बाजूची नोंद आपण वाचली आहे का? तो गेल्यावर किंवा न परतल्यावर घरी कोण उरले, आणि त्यांना किती वर्षांनी काय सांगण्यात आले?

२२/ उत्तरे मिळाली नाहीत, तरी प्रश्न लिहून ठेवा. देवय्यांच्या बाबतीत उत्तर यायला चौदा वर्षे लागली, जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्येला सेहेचाळीस, आणि दमयंतीताईंना ते आजवर मिळालेले नाही. येत्या १६ डिसेंबरला विजय दिवसाच्या शुभेच्छा देताना शरणागतीच्या त्या प्रसिद्ध छायाचित्राखाली एक ओळ विजय तांबे यांच्यासाठीही लिहा. आपल्या हातात आज एवढे तरी आहे.